'आपली' गाडी : हलक्या गटातील एका हंगामाचा इतिहास

१

२०१७च्या जानेवारीत मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्पविषय तपासत होतो. विषय नेहमीचेच होते : ग्रामीण कथेतील स्त्री, दलित आत्मकथनांची भाषा, बंजारा समाजातील लेंगीगीते. एका कागदावर मात्र 'महिंद्राने जिंकलेल्या शर्यती' असे लिहिलेले होते. विद्यार्थी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातला होता. दुपारपर्यंत वर्ग आणि त्यानंतर रात्रीपर्यंत दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम, असा त्याचा दिनक्रम. मी त्याला बोलावून घेतले आणि या विषयाचा मराठी साहित्याशी संबंध काय, असे विचारले. तो म्हणाला, "सर, आपल्या गाडीनं तिकडं जगाच्या रेसमध्ये दोनदा पहिला नंबर मारला. कोणीच लिवलं नाही त्याच्यावर."

"आपली? ती आपली कशी काय?" मी विचारले. विचारताना हसलोही असेन. तो गप्प झाला. मी विषय खोडला. त्याने लेंगीगीतांवर प्रकल्प केला, बरे गुण मिळवले आणि तो निघून गेला.

प्रस्तुत लेख हे त्या दिवशी मी विचारलेल्या प्रश्नाचे माझे मीच उशिरा शोधलेले उत्तर आहे. प्रश्न विचारताना त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. पुढे कुतूहलापोटी त्या हंगामाची माहिती गोळा करत गेलो, तेव्हा लक्षात आले की 'आपली' हा शब्द त्याने माझ्यापेक्षा अधिक विचारपूर्वक वापरला असावा. साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द नवा नाही. एखादी कृती कोणाची, तिच्यावर नाव कोणाचे आणि हक्क कोणाचा, हे प्रश्न आपण वर्गात रोज चर्चितो. तेच प्रश्न यंत्राच्या इतिहासाला विचारले तर काय हाती लागते, ते पाहायचे आहे.

२

मोटारसायकलच्या जागतिक अजिंक्यपदाची सुरुवात १९४९ साली झाली. इंजिनाच्या घनफळानुसार गट पाडले गेले : ५००, ३५०, २५० आणि १२५ सीसी. लहान इंजिनांचे हे गट 'हलके' म्हणून ओळखले जात. मोठ्या गटाला मानमरातब होता. हलक्या गटात मात्र नव्या कारखान्यांना शिरकाव मिळत असे. लहान इंजिनाला पैसा कमी लागतो, आणि चूक झाली तरी ती लहान असते.

जपानने हेच दार निवडले. होंडा कंपनीने १९५९ साली इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावरील शर्यतीत आपल्या १२५ सीसी गाड्या उतरवल्या. नाओमी तानिगुची हा त्यांचा स्वार सहावा आला आणि कारखान्यांसाठीचे सांघिक पारितोषिक होंडाला मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ साली, १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांचे अजिंक्यपद होंडाच्या गाड्यांवर जिंकले गेले. पुढे जगभरच्या रस्त्यांवर जपानी दुचाकी धावल्या, त्या इतिहासाचे पहिले प्रकरण हलक्या गटात लिहिले गेले आहे.

२०१२ साली १२५ सीसीचा टू-स्ट्रोक गट बंद झाला आणि त्याच्या जागी 'मोटो-थ्री' हा गट आला : एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, २५० सीसी. इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा आणि नियंत्रक यंत्रणा सर्वांना सारखी. २०१६च्या हंगामात स्वार आणि गाडी यांचे मिळून किमान वजन १५२ किलो असावे लागे. स्वार बहुतेक सोळा ते वीस-बावीस वर्षांचे.

या गटाच्या शर्यतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. येथे शक्ती थोडी असल्यामुळे हवेचा अडसर फार जाणवतो. पुढे धावणारा स्वार हवा फोडतो. त्याच्या पाठीशी चिकटून धावणाऱ्याला ती फुटलेली हवा फुकट मिळते, तो कमी शक्तीत तोच वेग गाठतो आणि सरळ रस्ता संपण्यापूर्वी बाहेर पडून पुढे निघून जातो. मग जो मागे पडला त्याला तोच लाभ मिळतो. त्यामुळे पुढे असणे हा येथे अनेकदा तोटा ठरतो. दहा-पंधरा गाड्या शेवटच्या फेरीपर्यंत एका घोळक्यात राहतात आणि पहिला कोण, दहावा कोण, हे अखेरच्या वळणावर ठरते. मोठ्या गटात यंत्राचा जोर उणिवा झाकतो. हलक्या गटात वळणावर किती उशिरा ब्रेक दाबायचा आणि कोणाच्या मागे किती वेळ राहायचे, या माणसाच्या निर्णयांना मोल येते.

३

महिंद्रा हे नाव आमच्या जिल्ह्यात ट्रॅक्टरचे आहे. पेरणीच्या दिवसांत कुठल्याही फाट्यावर उभे राहावे, लाल रंगाचा एखादा तरी ट्रॅक्टर त्या नावानिशी समोरून जातो. नागपूरच्या हिंगणा भागात त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे, त्यामुळे विदर्भाला हे नाव मुंबईचे असूनही फारसे परके वाटत नाही. या नावाचाही इतिहास आहे. १९४५ साली कंपनी स्थापन झाली ती 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. आणि १९४८ साली इकडे पाटीवर 'महिंद्रा अँड महिंद्रा' आले. यंत्रावरचे नाव म्हणजे काही यंत्राचा स्वभाव नव्हे. पाटी बदलली तरी यंत्र चालतच असते, हे या उदाहरणावरूनही दिसेल.

दुचाकीच्या धंद्यात ही कंपनी उशिरा आली. लहान इंजिनाची मराठी वाट खरे तर दुसरीकडून आली होती. पुण्याच्या बजाजने इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या आणि पुढे 'चेतक' घरोघरी नेली. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७०च्या दशकात अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पन्नास सीसीची 'लूना' काढली. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाला आणि पोस्टमन यांच्या आयुष्यात या गाडीने जे बदल घडवले त्यांची नोंद आपल्या सामाजिक इतिहासात व्हायची आहे. लूनादेखील मुळात एका इटालियन मोपेडच्या घडणीवर बेतलेली होती. कायनेटिकने १९८४ साली होंडाशी भागीदारी केली. १९९८ साली ती संपली. आणि २००८ साली कायनेटिकचा स्कूटरचा व्यवसाय महिंद्राने विकत घेतला. म्हणजे मुंबईची ट्रॅक्टर-जीपवाली कंपनी नगर-पुण्याच्या वारशावर पाय ठेवून दुचाकीत उतरली.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, २०११ साली, ती जागतिक शर्यतीत होती. १२५ सीसीचे ते शेवटचे वर्ष. गाडी इटलीत तयार झालेली. स्वार एक ब्रिटिश, डॅनी वेब, आणि एक जर्मन, मार्सेल श्रोटर. हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत, व्हॅलेन्सियाला, वेबने सर्वांत जलद वेळ देऊन पहिल्या जागेवरून सुरुवात करण्याचा मान मिळवला. पण २०१२ साली नव्या फोर-स्ट्रोक गटात गाडी इतकी मागे पडू लागली की श्रोटर हंगामाच्या मध्यावरच संघ सोडून गेला. २०१३ साली स्वित्झर्लंडच्या सुटर या कारखान्याच्या साहाय्याने नवी गाडी घडवली गेली. त्याच वर्षी मलेशियात मिगेल ऑलिव्हेरा हा पोर्तुगीज तरुण पहिल्या तिघांत आला, आणि विजयमंचावर महिंद्राचे नाव प्रथम दिसले. पुढच्या वर्षी ब्रॅड बाइंडर या दक्षिण आफ्रिकेच्या मुलानेही ते साधले. हे नाव लक्षात ठेवावे.

२०१५पासून कंपनीने स्वतःचा संघ बंद केला. गाडीचा विकास उत्तर इटलीतल्या बेसोझ्झो या लहान गावी होऊ लागला आणि ती चालवण्याचे काम स्पेनच्या 'आस्पर' संघाकडे आले. या संघाचा मालक होर्खे मार्तिनेझ हा स्वतः ऐंशी आणि सव्वाशे सीसी गटांत चार वेळा अजिंक्य ठरलेला, म्हणजे हलक्या गटाचे सारे मर्म जाणणारा माणूस.

४

२०१६चा हंगाम १८ शर्यतींचा होता. २० मार्चला कतारमध्ये, दिव्यांच्या उजेडात पहिली शर्यत झाली. निक्कोलो अँतोनेल्ली पहिला, ब्रॅड बाइंडर दुसरा. दोघांमध्ये अंतर होते सेकंदाच्या सात सहस्रांशांचे. तिसरा आला महिंद्रावरचा फ्रांचेस्को बान्याइया, ट्युरिनचा एकोणीस वर्षांचा मुलगा, व्हॅलेंटिनो रॉस्सीच्या अकादमीत तयार झालेला.

दुसऱ्या शर्यतीत, अर्जेंटिनाच्या ओलसर रस्त्यावर, खैरुल इदहाम पावी या मलेशियाच्या नवख्या मुलाने सर्वांना मागे टाकले. जागतिक शर्यत जिंकणारा तो पहिला मलेशियन. आशियाचा स्वार आणि आशियाची गाडी (ती होंडा होती) असा तो विजय होता. पुढे जर्मनीच्या पावसात त्याने पुन्हा तसेच केले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

हंगामाचा नायक मात्र बाइंडर ठरला. २४ एप्रिलला स्पेनमधील हेरेझला त्याच्या इंजिनाच्या नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये नियमभंग आढळला आणि त्याला सर्वांत शेवटी, पस्तिसाव्या जागेवरून सुरुवात करावी लागली. तो चौतीस जणांना ओलांडून पहिला आला. त्या दिवशी बान्याइया तिसरा होता. बाइंडरने वर्षभरात सात शर्यती जिंकल्या आणि चार शर्यती शिल्लक असताना, २५ सप्टेंबरला आरागॉन येथे, अजिंक्यपद आपल्या नावावर केले. त्याचे एकूण गुण ३१९. दुसऱ्या क्रमांकाच्या एनेआ बास्तियानिनीचे १७७. दोनच वर्षांपूर्वी हाच बाइंडर महिंद्रावर होता. त्याला अजिंक्यपद मिळाले ते ऑस्ट्रियाच्या केटीएम गाडीवर.

महिंद्राचा दिवस उजाडला २६ जूनला, हॉलंडमधल्या आसेन येथे. या जुन्या शर्यतीची परंपरा शनिवारची. त्या वर्षी ती प्रथमच रविवारी झाली. घोळका शेवटपर्यंत फुटला नाही आणि शेवटच्या फेरीत अगदी थोडक्या अंतराने बान्याइया पुढे राहिला. कंपनीचा हा पहिला विजय, स्वाराचाही पहिलाच. पाच वर्षांची उमेदवारी फळाला आली.

३० ऑक्टोबरला मलेशियात त्याने पुन्हा शर्यत जिंकली. तेथे सुरुवातीच्या फेऱ्यांत आघाडीचे बरेच स्वार घसरून पडले आणि तो मोकळ्या रस्त्यावर निघून गेला. आसेनचा विजय घोळक्यात राहून, मलेशियाचा घोळक्यातून वाचून. हलक्या गटात हे दोन्ही यावे लागते. दोन विजय, त्याशिवाय कतार, हेरेझ आणि मुजेल्लो येथे तिसरा क्रमांक, सिल्व्हरस्टोनला दुसरा : हंगामाअखेर १४५ गुणांसह बान्याइया चौथा आला. आसेननंतर वर्तमानपत्रात काही वाचल्याचे मला आठवत नाही. माझ्या विद्यार्थ्याने मात्र त्या दिवशी गॅरेजमध्ये मोबाइलवर ती शर्यत पाहिली होती.

५

आता २१ ऑगस्टकडे वळू. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे पाऊस पडत होता. पहिला आला जॉन मॅकफी, दुसरा होर्खे मार्तीन. मार्तीन आस्पर संघाच्या महिंद्रावर होता, हे सरळ आहे. मॅकफीच्या गाडीवर मात्र नाव होते 'प्यूजो'. फ्रान्सच्या प्यूजो मोटोसायकल्स या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा २०१५ साली महिंद्राने घेतला होता, आणि त्या नात्याने महिंद्राचीच गाडी फ्रेंच सिंहाचे चिन्ह लावून दुसऱ्या संघाकडून धावत होती. म्हणजे गाडी इटलीत विकसित झालेली, मालक मुंबईचा, नाव फ्रान्सचे, संघ जर्मन, स्वार स्कॉटिश आणि शर्यत चेक भूमीवर. पहिला आणि दुसरा हे दोन्ही क्रमांक एकाच जातीच्या यंत्राने घेतले. पण कारखान्यांच्या तक्त्यात त्यांचे गुण दोन निरनिराळ्या नावांखाली जमा झाले. तक्त्यात केटीएम पहिली, होंडा दुसरी, महिंद्रा तिसरी, प्यूजो चौथी.

या तक्त्याकडे थोडे आणखी निरखून पाहावे. केटीएम ऑस्ट्रियाची खरी. पण पुण्याच्या बजाज ऑटोने २००७पासून तिच्यात भाग घ्यायला सुरुवात केली होती आणि २०१६ साली जवळजवळ ४८ टक्के मालकी बजाजकडे होती. यवतमाळच्या कॉलेजांसमोर उभ्या राहणाऱ्या नारिंगी रंगाच्या 'ड्यूक' चाकणला बनतात. आता मोजदाद करू. १८ शर्यतींपैकी ९ केटीएमने जिंकल्या, ६ होंडाने, २ महिंद्राने, १ प्यूजोने. नऊ, दोन आणि एक : अठरापैकी बारा शर्यती अशा गाड्यांनी जिंकल्या, ज्यांच्या कंपन्यांत पुणे-मुंबईच्या भांडवलाचा निम्मा, निम्म्याहून अधिक किंवा सगळा वाटा होता.

हा आकडा मांडला की पहिला मोह होतो तो अभिमानाचा. 'मराठी मुलखाने जगाचा हलका गट जिंकला' असा मथळा सहज सुचतो. पण त्याच आकड्याखाली दुसरी गोष्ट दडलेली आहे. या बारा शर्यतींत एकही स्वार भारतीय नव्हता, आणि जिंकणारे यंत्र भारतात घडलेले नव्हते. माझा त्या दिवशीचा प्रश्न, 'आपली कशी काय?', हाच होता. तो चुकीचा नव्हता. चूक एवढीच की तो प्रश्न विचारून मी थांबलो.

६

आपल्या क्षेत्रातले उदाहरण घेऊ. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते आणि खाली प्रकाशकाचे चिन्ह. प्रकाशकाशिवाय पुस्तक निघत नाही. तरी पुस्तक प्रकाशकाचे आहे, असे आपण म्हणत नाही. शर्यतीच्या गाडीवर उलटे घडते. जे नाव मोठ्या अक्षरांत असते ते प्रकाशकाचे. बेसोझ्झोच्या अभियंत्यांची नावे मुखपृष्ठावर तर नाहीतच, आतल्या पानावरही शोधावी लागतात. ब्रनोला तर एकाच ग्रंथाच्या दोन प्रती दोन प्रकाशकांच्या नावांनी बाजारात आल्या होत्या.

आमच्या भागात याला जुने उदाहरण आहे. विदर्भाचा शंकरपट पाहिलेल्यांना ठाऊक आहे की तेथे बैलजोडी पुकारली जाते ती मालकाच्या आणि गावाच्या नावाने. अमुक पाटलांची जोडी, तमुक गावची जोडी. घड्याळाच्या काट्यावर सेकंदांचा हिशेब होतो आणि बक्षीस मालकाच्या हाती पडते. छकड्यावर तोल सांभाळत, शेपटीशी झुकून, जोडीला एका रेषेत ठेवणाऱ्या धुरकऱ्याचे नाव पट संपताना फार थोड्यांच्या ओठांवर असते. आणि तरी सारे गाव त्या जोडीला 'आमची जोडी' म्हणते! गावाचा तिच्यात एक पैसाही गुंतलेला नसतो. एक योगायोग येथे नोंदवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४च्या निकालानंतर बैलांच्या शर्यतींवर बंदी होती. महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ला. म्हणजे आसेनला बान्याइया जिंकला त्या वर्षी तळेगाव दशासरपासून आमच्या जिल्ह्यापर्यंतचा सारा पट थांबलेला होता. गावाला 'आमची' म्हणायला जोडी उरली नव्हती. त्याच काळात माझ्या विद्यार्थ्याला मोबाइलच्या पडद्यावर एक गाडी सापडली, जिचे नाव त्याच्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरही होते.

आता एका आक्षेपाचा विचार करायला हवा. भांडवल हेही कर्तृत्वच नाही का? मान्य. २०१२च्या अपयशानंतर पुन्हा पैसा ओतणे हा निर्णय मुंबईत कोणीतरी घेतला, म्हणून आसेन घडले. होंडाच्या पहिल्या पावलांतही परदेशी स्वारांचा मोठा भाग होता. १९६१चे तिचे दोन्ही अजिंक्यवीर, टॉम फिलिस आणि माइक हेलवुड, जपानी नव्हते. जर्मन-स्विस-इटालियन कसब विकत घेणे यात कमीपणा काहीच नाही. पण फरक येथे आहे : १९५९ साली बेटावर उतरलेल्या होंडाच्या गाड्या जपानमधल्या अभियंत्यांनी घडवल्या होत्या. तेथे झालेल्या चुका त्यांच्या चुका होत्या, म्हणून त्यांतून मिळालेले ज्ञानही त्यांच्याच कारखान्यात परतले. पुढे अर्ध्या शतकाने त्याच कारखान्याच्या गाडीवर एक मलेशियन मुलगा जिंकतो, कारण आशियाई स्वार घडवण्यासाठी होंडाने स्वतंत्र संघ उभा केलेला असतो. चूक ज्याच्या घरी होते, शिकणे त्याच्याच घरी राहते. महिंद्राच्या शर्यतगाडीच्या चुका बोलोन्यात, स्वित्झर्लंडात, बेसोझ्झोत झाल्या आणि त्यांतले शिकणेही बव्हंशी तिथेच राहिले. पिथमपूरच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या स्कूटरला आसेनचा काय लाभ झाला, असा प्रश्न गॅरेजमधल्या मुलानेही विचारला असता.

७

पुढची हकिकत थोडक्यात. २०१७ साली महिंद्राची गाडी मागे पडली. १५ ऑक्टोबरला जपानच्या मोतेगी येथे, पावसात, मार्को बेझ्झेक्की हा मुलगा तिसरा आला; विजयमंचावर या गाडीचे ते शेवटचे दर्शन. त्या हंगामाअखेर कंपनीने हा गट सोडला आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला-ई स्पर्धेवर लक्ष केंद्रित केले. दुचाकीच्या व्यवसायात २०१८ साली त्याच समूहाने 'जावा' हे जुने नाव पुन्हा बाजारात आणले. पाट्यांचा प्रवास चालूच राहिला. केटीएम २०२४च्या अखेरीस दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली आणि २०२५ साली बजाजने तिचे नियंत्रण आपल्याकडे घेतले.

स्वार मात्र मोठे झाले. आसेनच्या विजयाचे बक्षीस म्हणून बान्याइयाला वर्षअखेरीस मोठ्या गटातली डुकाटी चालवून पाहायला मिळाली. पुढे २०२२ आणि २०२३ साली तो त्याच मोठ्या गटाचा जगज्जेता झाला. ब्रनोला दुसरा आलेला होर्खे मार्तीन २०२४ साली. म्हणजे २०१६ साली आस्पर संघाच्या दोन महिंद्रांवर बसलेली दोन्ही मुले आज मोठ्या गटाच्या अजिंक्यवीरांच्या यादीत आहेत. आणि २४ सप्टेंबर २०२३ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटारसायकलची जागतिक शर्यत भारतात प्रथमच झाली, तेव्हा मोठ्या गटात पहिला आला बेझ्झेक्की, दुसरा मार्तीन. बान्याइया दुसऱ्या स्थानावर असताना घसरून पडला. तिघांनीही कोवळ्या वयात ज्या गाडीवर पाठ गिरवले, तिच्या टाकीवर मुंबईच्या कंपनीचे नाव होते. त्या दिवशी त्या सर्किटवर ते नाव कुठल्याही गाडीवर नव्हते. मी ही शर्यत घरी दूरचित्रवाणीवर पाहिली. लेखक मोठे झाले होते, आणि पहिले पुस्तक काढणारा प्रकाशक बाजारातून उठला होता. मराठीच्या अभ्यासकाला हे चित्र फार अनोळखी वाटू नये. आपल्या किती नामवंतांचे पहिले पुस्तक आज कोणीच न ओळखणाऱ्या प्रकाशनाने काढलेले आहे!

८

मग ती गाडी कोणाची?

मालकाची होती, हे कागदोपत्री खरे आहे. घडवणाऱ्यांची होती, हे अधिक खरे. स्वाराची होती ती शर्यतीपुरती. पण आपण साहित्यात आणखी एक हक्क मानतो, आणि तो मालकाला, लेखकाला वा प्रकाशकाला विचारून मिळत नाही. आपण 'आमचा तुकोबा' म्हणतो. देहूशी आपले नाते नसते, वंशाशी नसते. केवळ अभंग वाचून, म्हणून, समजून घेऊन तो शब्द वापरण्याचा अधिकार आपण कमावलेला असतो. वाचकाचा हक्क तो हाच.

माझा विद्यार्थी दिवसाला तीन-चार इंजिने उघडत असे. पिस्टनला ओरखडा का पडतो, झडप किती उघडली की गाडी ओढ धरते, साखळी सैल पडली की मागचे चाक काय बोलते, हे तो हाताने वाचत होता. आसेनच्या शर्यतीत कोणती गाडी कोणाच्या मागच्या हवेत का राहिली, हे पडद्यावर पाहून ज्याला कळत होते असा तो माझ्या ओळखीतला एकटाच माणूस होता. 'आपली गाडी' म्हणताना तो भांडवलाचा अभिमान मिरवत नव्हता, राष्ट्राचाही फारसा नसावा. समजलेल्या गोष्टीला माणूस आपली म्हणतो, तसे तो म्हणत होता. मी त्या वर्गात वाचकाच्या हक्कावर व्याख्याने देत होतो, आणि समोर उभ्या असलेल्या वाचकाला 'तुझा संबंध काय' म्हणून परत पाठवत होतो.

यंत्राविषयी मराठीत लिहिले जात नाही, ही तक्रार आपण अधूनमधून करतो. शेती, माती, पाऊस, जात, शहर यांवर आपण लिहितो. मात्र ज्या लूनेवर आपल्या दोन पिढ्या नोकरीला गेल्या, ज्या ट्रॅक्टरच्या हप्त्यांवर जिल्ह्यातली किती घरे उभी राहिली वा बसली, त्यांच्याविषयीचे मराठी गद्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्याची कारणे आपण लेखकांच्या अनुभवविश्वात शोधतो. एक कारण आमच्या टेबलावरही असते. विषयाच्या कागदावर लाल शाईने मारलेली ती एक रेघ.

तो मुलगा आता दारव्हा रस्त्यावर स्वतःचे गॅरेज चालवतो. गेल्या उन्हाळ्यात माझी स्कूटर घेऊन गेलो होतो. हा सगळा हिशेब, अठरापैकी बारा वगैरे, त्याला सांगितला. तो कार्बोरेटर पुसत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बारा नाही सर. प्यूजोवाली तर महिंद्राचीच, ते बरोबर. पण केटीएमचं इंजिन तिकडंच बनते, त्याला आपलं कसं म्हनाव? मी तर तीनच धरतो." नऊ वर्षांपूर्वीचा माझाच प्रश्न, अधिक काटेकोर होऊन, माझ्याकडे परत आला होता. मी त्याला म्हटले, हेच लिहून दे. त्याने अजून दिलेले नाही. तोवर हे माझे टिपण.